विचारा, सांगते : फोटो नराचा, मटण मादीचं

ज्यांनी हे सदर पहिल्यांदाच उघडलंय त्यांच्यासाठी : मी मूळची कागलची, आता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, पश्चिमेकडच्या एका लहान गावात राहते. शिकारीच्या हंगामात गावातल्या एका दुकानात कामाला जाते. शिकारी हरणं आणून टाकतात, आम्ही त्यांचं मटण कापून, सॉसेज भरून, पाकिटं बांधून परत देतो. त्यामुळं बंदूक मी कधी उचलली नाही, पण ‘कसं पाडलं’ हे काउंटरच्या या बाजूनं भरपूर ऐकलंय. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याच विषयावरचे आहेत.

प्रश्न : माझा मुलगा तुमच्या विस्कॉन्सिनातच, मॅडिसनला नोकरी करतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं की जो तो मोबाईल पुढं करून मेलेल्या हरणाचे फोटो दाखवतो, म्हणतो. एकानं तर शिंगं धरून हसतानाचा फोटो खुर्चीच्या मागं लावलाय. मुलगा शाकाहारी, काय बोलावं त्याला सुचत नाही. मला तर किळसच येते. जीव घेऊन वर एवढं मिरवायचं कशाला? – *एक आई, पुणे*

उत्तर : ताई, किळस येणं साहजिक आहे, ती घालवायचा प्रयत्न मी करणार नाही. पण मुलगा ज्यांच्यात बसतो ती माणसं काय दाखवतायत ते तरी समजून घ्या.

बंदुकीचा हंगाम इथं फक्त नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी, सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी सुरू होतो. साठ लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्यात साडेपाच लाखांच्या घरात लोक त्यासाठी परवाना काढतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या ऑफिसात शिकारी नसता तरच नवल. शेतकरी, नर्स, शाळामास्तर, बँकेतला कॅशियर, सगळे त्या पहाटे भगवी जाकिटं घालून मचाणावर चढतात. भगवा रंग हौसेचा नाही. कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी त्या भडक रंगाचे असावेत असा कायदा आहे, म्हणजे झुडपातून माणूस माणसाला ओळखू येतो. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. तो घालणारा मात्र मी क्वचितच बघितलाय.

मग सोमवारी फोटो निघतात. यात माझं निरीक्षण सांगते. फोटो दाखवणाऱ्याला थोडा वेळ बोलू दिलं की तो शिंगांवरून घसरून भलत्याच गोष्टींवर येतो. वारा कुठून होता. हरीण ओढ्याकडून आलं का मक्याच्या शेतातून. किती यार्डांवरून बार काढला. आणि मग सगळ्यात जास्त वेळ खातो तो माग. गोळी फुप्फुसात बसली असेल तर पाचोळ्यावर फिकट लाल, फेसाळ रक्त दिसतं आणि जनावर शंभर-दीडशे पावलांच्या आत पडलेलं सापडतं. रक्त काळपट असेल, त्यात हिरवट चोथा असेल, तर गोळी पोटात बसली. अशा वेळी लगेच मागं धावलं तर ते मैलभर पळतं आणि हाताला लागत नाही, म्हणून कित्येक तास थंडीत थांबून राहायचं असतं. चांगला शिकारी हे सगळं न विचारता सांगतो. ‘पोटात बसली, रात्रभर शोधत होतो’ असं सांगताना त्याचा चेहरा उतरलेला असतो. आणि जो फक्त शिंगं किती इंच ते सांगतो, त्याच्याशी मी फार बोलत नाही, पावती फाडते.

चुकलेल्या बाराचीही इथं हजेरी लागते. जंगलातल्या खोपटात चार मित्र मुक्कामाला असले आणि एकाचा बार फुकट गेला, तर बाकीचे त्याच्या शर्टाचा मागचा पदर कात्रीनं कापून भिंतीवर खिळ्याला टांगतात. काही खोपटांत बापाच्या आणि आज्याच्या शर्टाचे तुकडेसुद्धा लटकलेले असतात. ते फोटो मात्र ऑफिसात येत नाहीत.

आता जे मला खरंच खटकतं ते. फोटो नेहमी नराचा असतो. दहा टोकांची शिंगं, मान उंच धरलेली, जीभ आत ढकललेली, रक्त पुसलेलं. पण हरणांचा कळप आवरायचा तर मादी मारावी लागते. एक नर गेला तर दुसरा तयारच असतो, पुढच्या वर्षी पाडसं तेवढीच जन्मतात. मका आणि सोयाबीन खाऊन इथं हरणं माजलीत. दरवर्षी हजारो हरणं गाड्यांवर येऊन आदळतात, कडक हिवाळ्यात उपाशी मरतात ती वेगळीच. हे भांडण जुनं आहे. मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड राज्याच्या निसर्ग-संरक्षण आयोगावर होते. माद्या मारू द्या म्हणून त्यांनी आग्रह धरला, 1943 साली तसा हंगाम झाला, आणि लोकांनी त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. माद्या मारणं म्हणजे बायकापोरांवर हात टाकणं, असा सूर होता. आज शिव्या कुणी देत नाही, पण मादीचा फोटोही कुणी काढत नाही.

एका हंगामात आमच्या दुकानासमोर एक गडी भल्या मोठ्या नराला पिकअपच्या फळीवर टाकून उभा होता. भोवती दहा माणसं, मोबाईल, हशा. त्याच्या मागं रांगेत एक म्हातारा शेतकरी. ट्रेलरवर ताडपत्री, ताडपत्रीखाली दोन माद्या. त्याचा नंबर आला तेव्हा मी सवयीनं विचारलं, कुठं मिळाल्या? ‘माझ्याच मक्यात,’ एवढंच बोलला. एकाचं सगळं सॉसेज करा, दुसरं हरीण अन्नछत्राला द्या म्हणाला आणि निघून गेला. दहा माणसांतल्या एकानंही ताडपत्री उचलून बघितली नाही. माझ्या हिशेबी त्या दिवसाचा मोठा शिकारी तोच.

तुमच्या मुलानं काय बोलावं म्हणता, तर ‘अभिनंदन’ एवढं म्हटलं तरी पुरतं. जास्त गंमत हवी असेल तर विचारायचं, ‘आणि मादी कुणी मारली?’ एकदम शांतता पसरेल, आणि कोपऱ्यातून कुणीतरी हळूच हात वर करील.

प्रश्न : आमच्या गावी पूर्वी डुकराची शिकार झाली की वाटे पडायचे. बार टाकणाऱ्याला जादा वाटा, हाकाऱ्यांना वाटा, कुत्र्यांचासुद्धा वाटा. आता कायद्यानं ते बंद झालं, पीक खाणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. तुमच्याकडं एकट्यानं एवढं हरीण मारून करतात काय? बाजारात विकतात का? – *एक वाचक, चिपळूण*

उत्तर : काका, विकायला सक्त बंदी. रानातल्या हरणाचं मटण दुकानात नाही, हॉटेलात नाही. हॉटेलच्या कार्डावर हरीण दिसलं तर ते पाळीव कळपातलं समजायचं. ही बंदी उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इथं बाजारासाठी शिकार चालायची, रेल्वेचे डबेच्या डबे भरून शिकागोला, न्यूयॉर्कला जायचे. प्रवासी कबुतरं अशीच संपली. 1871 साली याच विस्कॉन्सिनात त्यांची अफाट मोठी वीण झाली होती, आणि 1914 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचं कबूतर मेलं. हरणंही त्याच वाटेनं निघाली होती. 1900 च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती, आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. मटणाचा बाजार बंद झाला, हंगाम ठरले, परवाने आले. 1937 च्या कायद्यानं लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर अकरा टक्के कर घेऊन तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना देतात. म्हणजे रानाची राखण करायचा खर्च बऱ्याच अंशी शिकाऱ्याच्याच खिशातून निघतो. हा हिशेब मलाही सुरुवातीला पचायला जड गेला होता.

वाटे इथंही पडतात, फक्त पानावर नाही, पाकिटात. मोठ्या नराचं हाडं काढून वीस-पंचवीस किलो मटण निघतं. त्यातलं घरच्या फ्रीजरला, म्हाताऱ्या शेजारणीला, ज्याच्या शेतात मचाण बांधलं त्याला, ऑफिसातल्या साहेबाला. जमीन ज्याची त्याला सॉसेजची एक लांब कांडी दिली नाही तर पुढच्या वर्षी फाटक बंद. शिवाय राज्याची एक योजना 2000 सालापासून आहे. शिकाऱ्यानं अख्खं हरीण ठरलेल्या दुकानात द्यायचं, कापायचा खर्च योजना सोसते आणि मटण गरजूंच्या अन्नछत्राला जातं.

कुत्र्यांचं विचारलंत म्हणून : हरणाच्या मागं कुत्री सोडायला इथं मनाई आहे. त्यांच्या वाट्याला हाडं येतात, तीही आमच्या दुकानामागून चोरून.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर मिलवॉकीला आहे. टीममधला एकजण पुढच्या हंगामात ‘चल’ म्हणतोय. मी बंदुकीला हात लावला तर व्हिसाचा घोळ होईल का? – *एक इंजिनिअर*

उत्तर : चांगलं केलंत आधी विचारलंत. तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्यानं मनाई आहे. त्याला एक अपवाद आहे : राज्यानं दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना तुमच्या नावावर हवा. म्हणजे क्रम महत्त्वाचा. आधी परवाना, मग बंदूक. ‘नुसती धरून बघ, फोटो काढू’ असं कुणी म्हटलं तर हात खिशात ठेवा. आणि हो म्हणण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन कराच. त्याची फी पुढच्या कटकटीपेक्षा स्वस्त पडेल.

1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो झाला नसेल तर अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली जायचा परवाना मिळतो, पण तो माणूस हाताच्या अंतरावर हवा. मागच्या टेकडीवर बसून ‘मी आहे ना’ म्हणणारा चालत नाही. मचाणावर चढताना पट्टा बांधा. मचाणावरून पडून हातपाय मोडून घेणारे काही कमी नसतात.

हरीण पडलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करायची. पूर्वी हरीण गाडीवर घालून नोंदणीच्या ठिकाणी न्यावं लागायचं, बहुतेक ते पेट्रोल पंप नाहीतर बार असायचे. तिथं काटा, कॉफी, गर्दी, ‘केवढं रे हे!’ अशी जत्रा. 2015 पासून नोंद फोनवर नाहीतर इंटरनेटवर होते. सोय झाली खरी, पण मिरवायला जागा उरली नाही. आता ती सगळी गर्दी आमच्या दुकानात येते, रांग पुढं सरकत नाही आणि माझा चहा गार होतो.

प्रश्न : शिंगांचे ‘पॉइंट’ कसे मोजतात? आणि सगळ्यात मोठं हरीण कुणी मारलं? – *आठवीतला एक वाचक, नागपूर*

उत्तर : टोकं मोजायची. टोक निदान एक इंच लांब हवं, नाहीतर ते धरत नाहीत. इकडं दोन्ही बाजूंची मिळून सांगतात, रॉकी पर्वताकडचे लोक एकाच बाजूची सांगतात. म्हणून तिकडचा ‘चार’ म्हणाला की इकडचा उगाच हसतो. मोठ्या नोंदी ठेवते ती बून अँड क्रॉकेट क्लब नावाची संस्था, थिओडोर रूझवेल्टनी 1887 साली काढलेली. त्यांची मापं किचकट. दांड्यांची लांबी, टोकांची लांबी, जाडी, दोन शिंगांमधलं अंतर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत, आणि डावं-उजवं सारखं नसेल तर फरक वजा. शिंगं साठ दिवस वाळल्याशिवाय टेप लावत नाहीत.

एकेकाळच्या सगळ्यात मोठ्याची गोष्ट आमच्याच राज्यातली आहे, आणि ती मी गिऱ्हाइकांना हटकून सांगते. 1914 च्या नोव्हेंबरात डॅनबरी गावाजवळ जेम्स जॉर्डन नावाच्या तरुणानं एक नर पाडला. डोकं भुसा भरून टांगायचं म्हणून एका कारागिराला दिलं. तो कारागीर गाव सोडून गेला आणि शिंगं त्याच्याबरोबर गेली. जॉर्डन सांगत राहिला, पण हातात काही नाही म्हटल्यावर सांगण्याला किंमत किती? बऱ्याच वर्षांनी शेजारच्या मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ती शिंगं एकाला तीन डॉलरला मिळाली. पुढं मोजली तर सगळी मापं मिळून 206 इंच आणि वर एक अष्टमांश, नेहमीच्या सारख्या ठेवणीच्या शिंगांतला जगातला विक्रम! आणि घेणारा निघाला जॉर्डनचाच नातेवाईक. जॉर्डननं शिंगं बघताच ओळखली, ‘ही माझी’ म्हणाला. नोंदीत मात्र ‘शिकारी अज्ञात’ असंच चालू राहिलं. अखेर 1978 च्या डिसेंबरात क्लबनं त्याचं नाव मान्य केलं. जॉर्डन ऑक्टोबरातच गेला होता. पुढं 1993 साली कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मिलो हॅन्सन नावाच्या शेतकऱ्यानं 213 आणि पाच अष्टमांशाचा नर मारला आणि विक्रम तिकडं गेला.

तेव्हापासून कुणी माझ्या काउंटरवर शिंगं विसरून गेला तर मी चिठ्ठीवर नाव-नंबर लिहून सुतळीनं बांधून ठेवते.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात साबरशिंग आहे. आजी उगाळून लेप लावायची. भावाला ते विकायचंय. गळून पडलेलं शिंग आहे, कुणी मारून आणलेलं नाही, तर चालेल ना? – *एक वाचक, सातारा*

उत्तर : नाही चालणार. विस्कॉन्सिनात वसंतात पोरंबाळं रानात गळलेली शिंगं वेचत हिंडतात, घरी नेतात, तो इथला खेळ आहे. तुमच्याकडं 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि ‘आपोआप गळलं’ म्हणून त्यातून सुटका होत नाही. घरात असलेल्या अशा वस्तू जाहीर करायला 2003 साली मुदत दिली होती. तेव्हा वडीलधाऱ्यांनी काही कागद केले होते का ते आधी ट्रंकेत बघा. नसतील तर भावाला गिऱ्हाईक शोधू देऊ नका आणि शिंग पिशवीत घालून एसटीनं नेऊ नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं जाऊन विचारा. लेपाचं म्हणाल तर सुंठ आहे की घरात.

प्रश्न : शेजाऱ्यानं मोठ्या अभिमानानं हरणाच्या मटणाची दोन पाकिटं आणून दिलीत. ‘माझ्या पहिल्या मादीचं’ म्हणाला. आम्ही मूळचे इचलकरंजीचे, मटण खातो, पण हे कसं करायचं? पांढरा रस्सा होईल का? – *एक सून, शिकागो*

उत्तर : पहिल्या मादीचं आणून दिलं, म्हणजे शेजारी भला आहे. त्याला डबा परत करताना रिकामा करू नका.

पण शिजवायच्या आधी दोन गोष्टी विचारा : हरीण कुठल्या काउंटीतलं (म्हणजे जिल्ह्यातलं) आणि तपासणी केली का? हरणांत एक मेंदूचा रोग आहे, विस्कॉन्सिनात तो 2002 साली मॅडिसनच्या पश्चिमेला माउंट होरेबजवळ पहिल्यांदा सापडला. हरीण वर्षभर ठणठणीत दिसतं आणि रोग आत असतो. कितीही उकळलं तरी तो मरत नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मटण खाऊ नका असं सरकारी आरोग्य यंत्रणाच सांगते. विस्कॉन्सिनात तपासणी फुकट आहे, घशाजवळच्या गाठी काढून पाठवतात. असं विचारलं की कुणी रागावत नाही. उलट चांगला शिकारी निकालाचा कागदच दाखवतो.

पांढऱ्या रश्श्याचा हट्ट सोडा. या मटणाचं अळणी पाणी उग्र लागतं, खोबऱ्याच्या दुधात तो वास बसत नाही. सुकं करा. आधी मटणावरची पांढरी चरबी आणि चंदेरी पापुद्रा धारदार सुरीनं पूर्ण काढा. बोकडाची चरबी चव देते, हरणाची मेणासारखी टाळूला चिकटते. पाकिटावर ‘बॅकस्ट्रॅप’ लिहिलं असेल तर तो पाठीचा नरम भाग. त्याला तूप-मिरी लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी झटपट परता, आतून गुलाबी असतानाच उतरवा, जास्त ठेवलात तर चामडं. मांडीचं किंवा खांद्याचं असेल तर दही, हळद, मीठ, आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बोकडाला घालता त्याच्या दीडपट तेलात कांदा लाल करा, मटण टाकून झाकणावर पाणी ठेवून मंद शिजवा. मऊ झालं की भाजलेल्या तीळ-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला. मसाला घरचा असेल तर हात सैल सोडा.

भाकरीचं पीठ तुमच्या शिकागोतल्या डेव्हॉन अॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत मिळेल. पाकीट उघडून वास घेऊन घ्या, तिथं कधी कधी जुनं लागतं.